चढणीवर कोण उतरतं

न्हाय न्हाय, ती गाणी बंद कर आधी. मला गाणी न्हाय ऐकायचीत, इंजिन ऐकायचंय. आन् हे काय, परत त्याच छोटीजवळ आणून उभी केलीस मला? तिसरी बारी झाली ही. सरबत पाजलंस, खुर्ची दिलीस, मावशी मावशी केलंस, सगळं बरोबर, पोरा — पण गेटातून आत पाय टाकला तवाच बोलले ना मी, ती मागची मोठी पिकअप दाखव, पांढरी, सतराशे किलो माल नेणारी? बोलले का न्हाय? बोलले. मंग तुझे पाय सारखे हिच्याकडंच का वळतात? थांब, मीच सांगते. भरतचा फोन आला तुला. आला ना? आता मान कशाला खाली घालतोस? भरत म्हंजे माझा पोरगा, राहनाळला गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, आन् त्यानी तुला सांगितलं — विवेकभाऊ, माझी आई येईल, सोमी नाव, लुगडं नेसलेली, जरा भांडकुदळ हाय, तिला छोटीच दाखवा. असंच ना? भांडकुदळ न्हाय बोलला? मंग अर्धंच सांगितलं त्यानी.

बरं, बोल तू. परत बोल, तुझं पाठ केलेलं वाया कशाला जायला पाहिजे. छोटी हलकी हाय — हाय. डिझेल कमी पिते — पीत असंल. भिवंडीच्या गल्लीबोळात वळते, काल्हेरच्या रस्त्याला कंटेनरच्या मधनं निघते, कुठं पण लागते, स्टेअरिंग एका बोटावर फिरतं, खालचे स्प्रिंगचे पाटे मऊ हायेत, खड्डा कळत न्हाय. आन् मोठी? मोठी कडक, रिकामी असली का उडते, डिझेल पिते, गल्लीत अडकते. म्हणून रोजच्याला छोटीच बरी. झालं? आता मी विचारते. रोज म्हंजे काय? तुझं रोज वेगळं, माझं वेगळं. तुझ्या रोजात डांबरी रस्ता, एक पूल, दोन सिग्नल. माझ्या रोजात पडघ्याच्या पुढं हायवे सोडायचा, आत वळायचं, मोरी लागते, मंग दगडगोट्यांचा रस्ता, आन् मंग वाघदेवाची चढण. बघितलीस कधी? कशाला बघशील तू. तिथं रस्ता असा उभा ऱ्हातो — हा हात बघ माझा — असा. वर गेलं का वाघदेवाचा दगड, शेंदूर फासलेला, आन् त्याच्या पलीकडं आमचा पाडा. तिथं तुझं एक बोट काय फिरवणार, सांग मला.

कोण चालवणार? हे बघ, हे पण विचारलंस. मी. मीच चालवणार. हे लायसन. फोटोत डोळे मिटलेत, पण मीच हाय ती. पन्नाशीला आले म्हणून काय झालं, दोन बाऱ्या नापास झाले, तिसऱ्या बारीला साहेबाला बोलले, तुमी खाली उतरून बघा, आतनं मला घाम फोडू नका — मंग पास झाले. हसतोस काय? मुकादम हाय मी. चौदा बाया हायेत माझ्या टोळीत, अकरा वर्षं झाली. सकाळी सहाला पाडा सोडायचा, आठच्या ठोक्याला काल्हेरच्या गोदामात हजर. खोकी भरा, पट्ट्या मारा, नंबर चिकटवा, नऊ तास उभ्यानी, मंग परत. आन् ते मघाशी हळूच बोललास ना, मालाची गाडी हाय, माणसं बसवायची न्हाईत — ते मला न्हाय सांगायचं. सहा वाजता पाड्यावर एसटी पाठव, मी तुझी गाडी बघायला पण येणार न्हाय. पाठवतोस? न्हाय ना. पैशाचं पण नको विचारू, ते बचत गटानी बघितलंय, आमच्या राहीबाईनी बँकेत बसून सगळं करून घेतलंय. तू फक्त गाडीचं बोल.

आजवर दामूची गाडी होती. दामू खालच्या गावचा. त्याची गाडी हीच — अशीच छोटी, रंग तेवढा निळा. जाताना नुसत्या बाया. येताना बाया आन् गोण्या. पडघ्याच्या बाजारातनं वरच्या दुकानांचा माल टाकायचा तो, सिमेंट, पेंड, मीठ, काय असंल ते, दहाबारा गोण्या. बाया गोण्यांवर बसायच्या. हायवेला मजा वाटायची, गाणी बोलायचो, टोळीतली आमची उन्नती तर अशी नक्कल करायची सुपरवायझरची — जाऊ दे. चढण आली का गाडी थांबायची. छोटीला झेपत न्हाय ना. पहिल्या गिअरात टाकली तरी अर्ध्यावरनं मागं सरकते. मंग काय करायचं? वजन कमी करायचं. कसं करशील, तू सांग. सांग ना, शिकलेला हायस.

'गोण्या उतरवायच्या' बोलतोस?

तुला पटकन सुचलं बघ. एका झटक्यात बोललास. न्हाय पण, चुकलास तू. बाया उतरायच्या. गोण्या बसून, बाया चालत. गोण्यांना पाय न्हाईत, बायांना हायेत, म्हणून बाया उतरणार. दामू खिडकीतनं डोकं काढायचा, 'बाया उतरा!' आन् आमी उतरायचो. नऊ तास उभं राहून पाय सुजलेले, त्याच पायांनी ती चढण चढायची, आन् सिमेंट आमच्या पुढनं आरामात वर जायचं. पावसात चिखलात, उन्हाळ्यात धुळीत. अकरा वर्षं. तू ठेव हिशोब तुझ्या डिझेलचा, मला तो न्हाय दाखवायचा. माझ्या गाडीतनं चढणीला एक बाय उतरणार न्हाय. चौदा बाया आन् बारा गोण्या, बसतात ना सतराशेत? बसतात. मंग संपलं बोलणं. मी काय शोभेला मोठी मागते काय? गावात मिरवायला मागते? भरतला तसंच वाटतं. 'आई, तुला सगळ्यात मोठंच लागतं,' बोलतो. लागतं. मंग?

आन् दामूचा काय दोष? त्याला काय बोलू नको. तो गाडी चालवणार, मी टोळी चालवणार. मी ओरडायचे ना — 'उतरा ग, चला, पाय मोकळे करा, वाघदेव बघतोय!' अशी हाक दिली का शेवटची बाय पण पटकन — काय? मघाशी दामू बोलायचा बोलले? हां मंग, दामूच बोलायचा. पहिलं पहिलं. मंग मी बोलायला लागले. माझ्या बायांना त्यानी कशाला हुकूम सोडायचा? मुकादम मी का तो? पकडायला बघतोस काय मला, पोलीस हायस?

बोलायचे मी. हो, मीच बोलायचे. आन् नुसती बोलायचे न्हाय, पहिली उडी माझी असायची. तुला म्हाईत न्हाय टोळी कशी फुटते. माझ्या आधी केसरीनाथ मुकादम होता, तो आपल्या घरच्या बायांना चढणीला बसवून ठेवायचा आन् बाकीच्यांना चालवायचा. दोन म्हयन्यात भांडणं, डोकी फुटायची वेळ आली, टोळी फुटली, गोदामवाल्यानी बाहेरच्या बाया आणल्या, आमच्या घरात चूल थंड. म्हणून मी मुकादम झाले त्या दिवशी वाघदेवाला हात लावून सगळ्यांसमोर बोलले — माझ्या टोळीत सगळ्या सारख्या. चढणीला पहिली मी उतरणार, माझ्या मागनं माझ्या घरची, मंग बाकीच्या. म्हातारी असो, पोटुशी असो, सगळ्या. आन् पाळलं मी ते. एक दिवस चुकले न्हाय. पाड्यावर विचार कुणाला पण, सोमीच्या टोळीत वशिला न्हाय. मान होता मला त्याचा. केवढा मान होता.

घरची म्हंजे सून. मनिषा. भरतची बायको. ती काय, बाहेर पायरीवर बसलीय ना, हिरव्या साडीची, ती. न्हाय, आत बोलवू नको. सरबत पण नेऊ नको, मी नेलं होतं, घेतलं न्हाय. ती माझ्याबरोबर आली न्हाय, ती दवाखान्यात आलीय, मी इथं आले, एसटी एकच होती म्हणून एकत्र दिसतो. तिचं तपासून झालं, परतीच्या एसटीला वेळ हाय म्हणून बसलीय. ती पुढच्या सीटवर, मी मागच्या. भांडत न्हाय हां ती माझ्याशी, तसं काय समजू नको. भाकरी वाढते, पाणी देते, आई बोलते. तिला भांडता आलं असतं तर बरं झालं असतं, मी पण भांडले असते, मला येतं ते.

काय बघतोस असा? आता अर्धं ऐकलंस तर पूर्ण ऐक. मागच्या साली भातं कापून झाली होती, दिवाळी चार दिवसांवर. तिला आठवा चालू होता. घरी बस बोलले होते मी, न्हाय ऐकलं तिनी, घरात करमत न्हाय बोलली — कशी करमेल, सगळ्या मैत्रिणी टोळीत. त्या दिवशी चढणीला गाडी थांबली, मी हाक दिली, उडी मारली, मागं वळून बघते तर ही बसलेली. गोणीवर. दोन्ही हातांनी गोणी अशी घट्ट धरलेली. बोलली, 'आई, आज मी बसू का?' एवढंच. दुखतंय बोलली न्हाय, काय बोलली न्हाय. मंग मला कसं कळणार? कसं कळणार, सांग! चेहरा बघायला पाहिजे होता बोलतोस? मी चेहरा न्हाय बघितला तिचा. मी बाकीच्या तेरा जणींचे बघितले. त्या माझ्याकडं बघत होत्या, आता सोमी काय करते. आन् मी बोलले, 'उतर मनिषा. तू बसलीस तर उद्या सगळ्या बसतील.'

उतरली. लगेच उतरली.

अर्ध्या चढणीत ती खाली बसली ती उठेचना. गाडी वर वाघदेवाजवळ जाऊन उभी, दामू हॉर्न वाजवतोय, त्याला काय पत्ता. मी ओरडले, फिरव गाडी, पडघ्याला न्यायची हिला. तो ओरडतो, भरलेली गाडी ह्या उताराला ब्रेकवर थांबायची न्हाय, गोण्या काढाव्या लागतील. मंग आमी धावलो वर, सगळ्या बाया, मी पुढं — आन् ओढल्या गोण्या, फेकल्या खाली, सिमेंट फुटलं, सगळ्यांच्या तोंडावर केसांवर सिमेंट, बारा गोण्या. किती वेळ लागला असंल? दहा मिनिटं. दहा मिनिटं लागतात फक्त, पोरा, बारा गोण्या उतरवायला. आन् बायांना वर सोडून गोण्या न्यायला परत यायचं, त्याला अजून दहा धर. अकरा वर्षं रोज संध्याकाळी मला ती दहा मिनिटं सुचली न्हाईत. मला न्हाय, दामूला न्हाय, चौदा बायांत एकीला न्हाय. तुला इथं पंख्याखाली उभ्या उभ्या सुचलं.

मुलगी होती. रडली न्हाय ती. डॉक्टरीण बोलली, चालण्यानी झालं असं न्हाय, आधीच पोटात काय झालं असंल. स्पष्ट बोलली, मी दोनदा विचारून घेतलं. मनिषानी पण ऐकलं, शेजारीच होती पडून. मला त्याचा काय उपयोग झाला न्हाय. तिला पण झाला नसंल.

तवापासनं ती टोळीत येत न्हाय आन् दामूच्या गाडीत चढत न्हाय. आता परत सातवा लागलाय तिला. सात म्हयने पोटाशी, आन् दवाखान्याला यायचं तर चढण चालत उतरते, चालत चढते. परवा मी बोलले, अग, दामूची गाडी रिकामी चाललीय, बस. काय बोलली म्हाईत हाय? हसून बोलली हां, रागानी न्हाय — 'ऱ्हाऊ द्या आई, मला सवय हाय.' मी तिथंच ठरवलं. दामूची न्हाय, कुणाची न्हाय, माझी गाडी. भरून चढणारी. आठव्याच्या आत. सगळा पाडा बोलला, सोमीला वेड लागलं, रोजच्या फेरीला कोण एवढं धूड घेतं. घेते मी. बोला.

आता तुझं काय? बोल की. काय बोललास? परत बोल.

भरत काय बोलला तुला फोनवर?

'बायको सातव्या म्हयन्यात हाय, मोठीचे धक्के बसतील, म्हणून मऊ दाखवा.' असं बोलला? शपथ घे. मला न्हाय बोलला तो. मला बोलला, डिझेल परवडत न्हाय. घरात तिघं जण, मनातलं बोलायला तिघं पण गप्प, आन् इथं तुझ्यापुढं मी बडबडतेय. एवढा फोर्कलिफ्ट चालवणारा पोरगा, आईला सांगता आलं न्हाय? न्हायच येणार. त्यानी पण त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला न्हाय मला अजून. काढायला पाहिजे होता. मी वाट बघते.

पण बरोबर हाय त्याचं. रिकामी मोठी उडते — तू पण बोललास मघाशी, मीच कान बंद करून बसले होते. दगडगोट्यांच्या रस्त्याला ती उडणार, आन् ही पुढं बसलेली. आन् छोटी मऊ, पण चढण आली का — न्हाय. छोटी न्हाय. ते तोंडातनं काढू पण नको. मऊ बसवून न्यायचं आन् चढणीला उतर बोलायचं, त्यापेक्षा मी तिला पाठीवर नेईन. मोठीच. मोठीच घेणार, पण — थांब जरा. भरलेली असली का नसते ना उडत? पाटे दबले का मऊ होते? किती वजन पडलं पाहिजे मागं? तीनशे किलो?

मंग तीनशे किलो पडलेलं ऱ्हाईल. कायम. माल असो नसो. त्यात काय एवढं? डिझेल पिऊ दे, प्यायला देईन. ते तुमच्या भिंतीचं काम चाललंय, ती रेती कुणाची हाय? तुमचीच ना? भर सहा गोण्या. आत्ता भर. हसू नको, मी चेष्टा करत न्हाय. चाचणीला गाडी द्यायची असते ना तुमाला? मला अशी द्यायची, सहा गोण्या टाकून. सांग त्या माणसांना. मागच्या पाट्यांच्या बरोबर वर ठेवायच्या, हौद्याच्या कडेला न्हाय — अरे हळू, फेकू नको, ओळीनी लाव. बस. एवढ्याच. आता बघ कशी बसली खाली. बघितलीस?

सरक, मला चढू दे. लुगड्याची काळजी तू नको करू. इथं क्लच, इथं ब्रेक, म्हाईत हाय मला, सांगू नको. गाडी मी गेटाशी नेते, त्या पायरीच्या जवळ. तू चालत ये बाजूनी. … हां. लागली का पायरीला? बरोबर लागली. आता एक काम कर. डावं दार उघड. पूर्ण उघड, आन् इकडं माझ्या खिडकीशी येऊन उभा ऱ्हा. तिला 'बसा ताई' बोलू नको. पाणी विचारू नको, गाडीचं कवतिक करू नको. मी पण काय बोलणार न्हाय. मला गप्प बसता येत न्हाय हे तुला कळलं असंल आतापर्यंत, पण बसेन मी. 'उतर' मी शंभर बाऱ्या बोलले असंन तिला, 'बस' बोलायचं तोंड न्हाय माझं. तिचं तिला बसायचं तर बसंल. न्हाय बसली तर एसटी हाय साडेचारची, मी पण तिच्या मागच्या सीटवर बसून जाईन, आन् उद्या परत येईन, परवा येईन. गाडी मोठीच घेईन.

हळू बोल. उठली का? मी बघत न्हाय, मी सरळ रस्त्याकडं बघतेय. तू बघ. कुठं गेली? मागं? मागं काय करतेय? … गोणीला हात लावला? काय बोलतेय?

मला न्हाय ऐकू आलं. तू सांग. 'ह्या कशाला' विचारते? मंग सांग ना तिला, मुका झालास काय! मघाचं माझं सगळं सांगू नको, एवढंच सांग — ह्या उतरणार न्हाईत, तुमच्यासाठी हायेत. ताई बोल. हां, आता ताई बोललास तरी चालंल.

सांगितलंस? …

सरक. सरक बाजूला, पोरा, आतनं दार लागलं तिचं.